एसएमपीएसची पारख : प्रस्तावना

गेमिंगचा संगणक जुळवताना पैसे कोणत्या क्रमाने खर्च होतात, हे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत कुठल्याही दुकानदाराला विचारा. आधी ग्राफिक्स कार्ड ठरतं. मग प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी. काचेच्या कॅबिनेटवर आणि रंगीत दिव्यांच्या पंख्यांवर बराच खल होतो. एसएमपीएसचा, म्हणजे संगणकाच्या वीजपुरवठ्याचा, नंबर सगळ्यात शेवटी लागतो. तोवर खिसा हलका झालेला असतो आणि प्रश्न एवढाच उरतो, की ‘किती वॅटचा टाकू?’ आकडा सांगितला की विषय मिटतो.

या पुस्तकाचा विषय तिथून पुढे सुरू होतो. वॅट किती हवेत हा या निवडीतला सर्वांत सोपा भाग आहे. बेरीज येणाऱ्या कुणालाही तो जमेल. अवघड भाग वेगळा आहे. सगळं सुरळीत चालू असताना बरा एसएमपीएस आणि वाईट एसएमपीएस यांत फरक दिसत नाही. फरक दिसतो तो लाइट गेल्यानंतरच्या पहिल्या वीस मिलिसेकंदांत, कार्डाने अचानक दुप्पट वीज मागितली त्या क्षणी, मे महिन्यातल्या दुपारी, किंवा डीपीवरचा न्यूट्रल तुटतो तेव्हा. खोक्यावर यातलं काहीच छापलेलं नसतं. पण ते मोजता येतं, अनेकांनी ते मोजून ठेवलेलं आहे, आणि ती मोजमापं वाचायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. शाळेतलं भौतिकशास्त्र आणि थोडा धीर पुरतो.

थोडा इतिहास सांगून टाकतो. पूर्वी 50 हर्ट्झवर चालणारा लोखंडी पत्र्यांचा जड ट्रान्सफॉर्मर वापरून व्होल्टेज उतरवत. 1977च्या अ‍ॅपल टूमध्ये रॉड होल्ट यांनी रचलेला स्विचिंग पद्धतीचा वीजपुरवठा होता, म्हणून तो संगणक आटोपशीर राहिला आणि पंख्याशिवाय चालला. ही कल्पना होल्ट यांनी शोधली असं पुष्कळदा सांगितलं जातं, ते खरं नाही. स्विचिंग पुरवठे त्याआधीही होते. 1981च्या आयबीएम पीसीचा पुरवठा 63.5 वॅटचा होता. 1995 साली इंटेलने एटीएक्स मानक आणलं, तेच अंगापिंडाने वाढत आजपर्यंत आलं आहे. 2025मध्ये बाजारात आलेलं एनव्हिडियाचं आरटीएक्स 5090 हे एकटं कार्ड 575 वॅट घेतं, म्हणजे त्या अख्ख्या आयबीएम पीसीच्या पुरवठ्याच्या नऊपट.

आत काय चालतं ते समजलं, की पुढचं सगळं सोपं जातं. भिंतीतून 230 व्होल्टची एसी येते. तिची शिखरं 325 व्होल्टच्या आसपास असतात. आधी फिल्टर, मग डायोडचा ब्रिज, मग एपीएफसी नावाचा टप्पा. तो ही वीज 380 ते 400 व्होल्ट डीसीपर्यंत चढवून एका जाड कपॅसिटरमध्ये साठवतो. पुढे ट्रान्झिस्टर या डीसीचे सेकंदाला हजारो तुकडे करतात. तुकड्यांची गती इतकी असल्यामुळे काडेपेटीपेक्षा थोडासाच मोठा ट्रान्सफॉर्मर पुरतो. दुसऱ्या बाजूला 12 व्होल्ट तयार होतात आणि चांगल्या रचनेत 5 आणि 3.3 व्होल्ट त्या 12मधूनच वेगळे काढले जातात. जुन्या स्वस्त रचनेत 12 आणि 5 एकाच नियंत्रणावर बांधलेले असत. 2013मध्ये इंटेलचे हॅसवेल प्रोसेसर आले, तेव्हा ते झोपी गेल्यावर 12 व्होल्टवर जवळपास काहीच वीज मागेनासे झाले आणि असे कित्येक पुरवठे गडबडले.

आता लेबल. एसएमपीएसच्या अंगावर चिकटवलेला तक्ता बहुतेक लोक वाचतच नाहीत, आणि तो वाचणं हेच या शास्त्राचं पहिलं पाऊल आहे. 2003च्या एटीएक्स सुधारणेनंतर संगणकातली बहुतेक वीज 12 व्होल्टवरून जाते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघेही तिथूनच खातात. म्हणून तक्त्यात 12 व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते पाहायचं आणि 12ने गुणायचं. खोक्यावर ठळक 500 वॅट आणि त्या रकान्यात 18 अँपिअर असतील, तर उपयोगाची ताकद 216 वॅट. उरलेले वॅट 5 आणि 3.3 व्होल्टच्या रकान्यांत दाखवलेले असतात, जिथे आजच्या संगणकाला त्यांची गरज नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण लोकल एसएमपीएसच्या लेबलाला जितकी लागू पडते तितकी क्वचितच कशाला पडत असेल. चांगल्या 850 वॅटच्या पुरवठ्यात त्याच रकान्यात 70 अँपिअरच्या आसपास आकडा दिसतो आणि हिशेब चोख जुळतो.

लेबलानंतर लोकांचा विश्वास बसतो तो 80 प्लसच्या बिल्ल्यावर. ही योजना 2004मध्ये अमेरिकेत सुरू झाली. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड या पायऱ्या 2008मध्ये आल्या. गोल्ड म्हणजे 115 व्होल्टवर 20 टक्के लोडला 87, निम्म्या लोडला 90 आणि पूर्ण लोडला 87 टक्के कार्यक्षमता. आपल्याकडच्या 230 व्होल्टवर तोच पुरवठा थोडा अधिक कार्यक्षम असतो, कारण प्रवाह निम्मा होतो. योजना चांगली आहे, तिने बाजाराला शिस्त लावली. पण ती विजेच्या बचतीचं प्रमाणपत्र देते, विश्वासार्हतेचं नाही. 12 व्होल्टमध्ये किती लहर (रिपल) उरते, लाइट गेल्यावर पुरवठा किती वेळ तग धरतो, शॉर्ट झाल्यावर बंद पडतो की पेट घेतो, यातलं काहीही त्या बिल्ल्यासाठी तपासलं जात नाही. चाचणीही 23 अंश सेल्सिअसला होते. चंद्रपुरात मे महिन्यात 23 अंश कुठे मिळतात, ते वैदर्भीय वाचकांनी मला कळवावं.

बचतीचा हिशेबही एकदा करून टाकू. खेळताना संगणकाला 500 वॅट लागतात असं धरलं, तर 85 टक्क्यांचा पुरवठा भिंतीतून 588 वॅट ओढेल आणि 90 टक्क्यांचा 556. फरक 32 वॅटचा. रोज 4 तास खेळ चालला तर वर्षाला सुमारे 47 युनिट. युनिटला 10 रुपये धरले तर 470 रुपये. वाईट नाही, पण केवळ यासाठी गोल्डच्याही वरच्या टायटॅनियम पायरीचा पुरवठा घेऊन पैसे वसूल होतील असं कुणी सांगत असेल, तर त्याला आकडेमोड करून दाखवायला सांगा. गोल्ड घेण्याचं खरं कारण वेगळं आहे : वाया गेलेले वॅट उष्णता होऊन त्याच डब्यात राहतात, आणि गोल्ड गाठायला लागणारी रचना सहसा इतर बाबतींतही नवी आणि नीटस असते. ‘सहसा’ हा शब्द इथे महत्त्वाचा. एकाच बिल्ल्याखाली उत्तम आणि सुमार दोन्ही प्रकारचे पुरवठे विकले जातात.

ब्रँडचंही तसंच. डब्यावर ज्या कंपनीचं नाव असतं तिने तो बनवलेला असेलच असं नाही. सीसॉनिक, सुपर फ्लॉवर, एफएसपी, चॅनल वेल अशा मोजक्या उत्पादकांच्या कारखान्यांत कितीतरी नावांचे पुरवठे तयार होतात. एकाच ब्रँडची एक मालिका नामांकित कारखान्यातून येते, तर दुसरी स्वस्त मालिका भलत्याच ठिकाणाहून. त्यामुळे ‘अमुक कंपनीचा घे, डोळे झाकून’ हा सल्ला देणाऱ्याने डोळे खरंच झाकलेले असतात. विचारायचं ते मॉडेलचं नाव, त्याचं साल आणि आतली रचना. एकाच मॉडेलच्या नावाखाली काही वर्षांनी आतला माल बदलल्याचीही उदाहरणं आहेत.

इथून पुढचा भाग जरा सावकाश वाचावा, कारण परदेशी पुस्तकांत आणि चाचण्यांत तो फारसा येत नाही. तिकडे वीज बिनबोभाट येते. आपल्याकडे ती जाते, येते, चढते, उतरते, आणि घराघरांत इन्व्हर्टर बसलेला असतो.

वर ज्या जाड कपॅसिटरचा उल्लेख केला, ती या घराची गच्चीवरची टाकी. भिंतीतली वीज तुटली की काही मिलिसेकंद संगणक त्या साठ्यावर चालतो. किती मिलिसेकंद, हे गणिताने काढता येतं. साठलेली ऊर्जा म्हणजे धारकतेच्या निम्म्याला व्होल्टेजच्या वर्गाने गुणायचं. 680 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 390 व्होल्टवर भरलेला आहे आणि 300 व्होल्टपर्यंत उतरेपर्यंत पुढचा टप्पा काम करू शकतो असं धरलं, तर वापरता येणारी ऊर्जा सुमारे 21 ज्यूल. 850 वॅट बाहेर द्यायचे आणि कार्यक्षमता 92 टक्के, तर आतून 924 वॅट उपसले जातात. 21 भागिले 924, म्हणजे 23 मिलिसेकंद. आता उत्पादकाने काटकसर करून तिथे 390 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवला, की तोच हिशेब 13 मिलिसेकंदांवर येतो. डबा तोच, लेबल तेच, वॅट तेवढेच.

हे 10 मिलिसेकंद महत्त्वाचे का? लाइन इंटरॅक्टिव्ह यूपीएस लाइट गेल्यावर साधारण 4 ते 10 मिलिसेकंदांत बॅटरीवर येतो. घरगुती इन्व्हर्टरच्या पाठीमागे जी कळ असते ती यूपीएसवर असेल तर तोही जवळपास तेवढाच वेळ घेतो. नॉर्मलवर असेल तर बराच जास्त. जुन्या एटीएक्स मार्गदर्शिकेत पूर्ण लोडला किमान 17 मिलिसेकंद तग धरण्याची अपेक्षा होती. नव्या 3.1 आवृत्तीने 80 टक्के लोडला 17 आणि पूर्ण लोडला 12 मिलिसेकंद पुरेसे मानले आहेत. मानक ठरवणाऱ्यांच्या दृष्टीने ही तडजोड रास्त असेल. माझ्या मते आपल्या वाचकाने ती मान्य करू नये. ज्याच्या गावात लाइट दिवसातून दोनदा जाते त्याने चाचणी-अहवालात हा एक आकडा आधी शोधावा, आणि 17च्या खाली दिसला तर पुढचं पान उलटावं. लाइट जाताच इन्व्हर्टर चालू होतो, पंखा फिरत राहतो, संगणक मात्र रीस्टार्ट होतो, ही तक्रार फार जुनी आहे. दोष बहुधा यूपीएसच्या बॅटरीला दिला जातो. चोर सोडून संन्याशाला फाशी.

यूपीएसवरचा आकडाही फसवा असतो, तेही सांगून ठेवतो. 1100 व्हीए लिहिलेल्या यूपीएसची वॅटमधली ताकद साधारण 660 असते आणि 600 व्हीएची 360. मोठ्या कार्डाच्या संगणकाला दुसरा तर पुरतच नाही, आणि त्याच्याबद्दलचं ‘काही होत नाही हो, चालतं’ हे फक्त डेस्कटॉपवर चित्रं पाहताना खरं असतं. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर एपीएफसी असलेला पुरवठा कधी गुणगुणतो, कधी चक्क बंद पडतो. साइन वेव्हचा इन्व्हर्टर घ्यावा, एवढंच.

लाइट परत येते तो क्षणही पाहण्यासारखा असतो. रिकाम्या कपॅसिटरमध्ये एकदम प्रवाह घुसतो. त्याला आवर घालायला एनटीसी नावाचा छोटा काळपट चकतीसारखा घटक असतो. तो थंड असताना प्रवाहाला अडवतो, तापला की वाट मोकळी करतो. पण पुरवठा तासभर चालून एनटीसी गरम झाला असेल आणि लाइट जाऊन दोन सेकंदांत परत आली, तर तो अडवणारच नाही. चांगल्या पुरवठ्यात म्हणून त्याच्या जोडीला रिले असतो. संगणक सुरू करताना एसएमपीएसमधून ‘टक्’ असा हलका आवाज आला तर घाबरू नका. सुरुवातीचा प्रवाह आवरून झाल्यावर रिलेने एनटीसीला बाजूला केलं, म्हणजे तो थंड राहील आणि पुढच्या वेळी कामाला येईल. दुकानात बॉक्स न उघडता ऐकता येणारी ही एकमेव गुणवत्ता असावी.

आणि अर्थिंग. कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात, अनवाणी असताना जास्त येतात, हे कितीतरी घरांत नेहमीचं आहे. लोक एसएमपीएस बदलतात, झिणझिण्या राहतात. कारण असं : पुरवठ्याच्या तोंडाशी फिल्टरमध्ये दोन छोटे वाय कपॅसिटर असतात, एक फेजपासून डब्याच्या पत्र्याला, दुसरा न्यूट्रलपासून पत्र्याला. त्यांच्यामार्गे येणारा थेंबभर प्रवाह अर्थिंगच्या तारेने जमिनीत जावा अशी योजना असते. भिंतीतल्या सॉकेटला तिसरं भोक आहे पण मागे तार नाही, अशी अवस्था असेल तर पत्रा फेज आणि न्यूट्रलच्या बरोबर मधोमध, म्हणजे सुमारे 115 व्होल्टवर तरंगत राहतो. प्रवाह मिलिअँपिअरच्या घरातला असल्याने माणूस दचकतो, मरत नाही. पण आतलं इन्सुलेशन कधी फाटलं तर वाचवणारी वाटच तिथे नसते. शिवाय अशा तरंगत्या संगणकाला एचडीएमआयने टीव्ही जोडताना पोर्ट जळतात. दहा हजारांचा एसएमपीएस घेण्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. या पुस्तकातला हा सर्वांत स्वस्त सल्ला आहे, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचाही.

न्यूट्रल तुटण्याचं प्रकरण त्याहून गंभीर. तीन फेजच्या लाइनवर सामायिक न्यूट्रल तुटला की एखाद्या घरात 230ऐवजी 400 व्होल्टच्या आसपास वीज घुसू शकते. तिची शिखरं 560 व्होल्टच्या पुढे जातात आणि आतला कपॅसिटर तर 400 ते 450 व्होल्टचा. जगातला कुठलाही घरगुती एसएमपीएस यापुढे टिकेल अशी अपेक्षा करू नये. त्याने मरताना मदरबोर्ड आणि कार्ड वाचवलं, तर तो चांगला. याला उपाय घराच्या मेन बोर्डात आहे : व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की लाइन तोडणारं संरक्षक उपकरण.

उष्णतेबद्दल थोडक्यात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान 10 अंशांनी उतरलं की ढोबळमानाने दुप्पट होतं. 105 अंशांना 2000 तासांचा कपॅसिटर 65 अंशांवर 32,000 तास चालेल, 75वर 16,000. म्हणून 85 अंशांच्या मालापेक्षा 105 अंशांचा माल घ्यायचा, आणि पूर्ण ताकद किती तापमानाला देतो ते पाहायचं; चांगले उत्पादक 50 अंश लिहितात, काही जण 40 लिहितात, काही लिहीतच नाहीत. कोकणात आणि गोव्यात उकाड्याच्या जोडीला खारी हवा आणि दमट पावसाळा असतो. तिथे कनेक्टरच्या पितळेवर हिरवट पापुद्रा दिसतो का, हे वर्षातून एकदा पाहावं.

आता कार्डांकडे. सरासरी 350 वॅट घेणारं कार्ड प्रत्येक क्षणाला 350 वॅट घेत नाही. काही मायक्रोसेकंदांपुरतं ते दुप्पट, कधी त्याहून जास्त मागतं. 2020मध्ये आरटीएक्स 3080 आणि 3090 आली तेव्हा कागदावर पुरेसे असणारे कित्येक पुरवठे खेळाच्या ऐन भरात बंद पडू लागले. पुरवठा ही उसळी पाहून धोका समजत असे आणि स्वतःला तोडून घेत असे. 2022च्या एटीएक्स 3.0ने यावर नियमच केला : नव्या 16 पिनी कनेक्टरच्या पुरवठ्याने आपल्या ताकदीच्या दुप्पट मागणी 100 मायक्रोसेकंद सोसली पाहिजे. माझ्या समजुतीप्रमाणे गेल्या वीस वर्षांत खरेदीदाराच्या कामाचा याच्याइतका दुसरा नियम झालेला नाही.

त्याच पिढीत हा 16 पिनांचा कनेक्टरही आला, आणि त्याबद्दल तितकं चांगलं बोलता येत नाही. जुन्या 8 पिनी प्लगमधून 150 वॅट जात. तीन तारांत वाटले तर तारेमागे 4 अँपिअरच्या थोडं वर. नव्या छोट्या प्लगमधून 600 वॅट जातात, म्हणजे 50 अँपिअर, सहा तारांत वाटले तर तारेमागे 8.3. आणि पिनची क्षमता 9.5. पूर्वी मोकळीक भरपूर होती, आता बोटभर उरली. 2022च्या अखेरीस आरटीएक्स 4090चे प्लग वितळल्याची छायाचित्रं जगभर फिरली. प्लग पूर्ण बसवलेला नसणं हे कारण एनव्हिडियाने सांगितलं. पुढे 12व्ही-2x6 ही सुधारित रचना आली. तिच्यात जाणिवेच्या (सेन्स) पिना आखूड केल्या, म्हणजे प्लग अर्धवट बसला तर कार्डाला वीजच मिळू नये. तरी 2025मध्ये जर्मनीतले रोमन हार्टुंग, जे डेर बाउअर या नावाने ओळखले जातात, त्यांनी आरटीएक्स 5090च्या एका तारेत 20 अँपिअरहून जास्त प्रवाह मोजून दाखवला. कार्डावर साऱ्या तारा एकत्र जोडलेल्या असतात. कोणती तार किती ओझं वाहते यावर लक्ष ठेवणारं कुणी नाही. इथे स्पष्ट बोललं पाहिजे, की महागातला महाग एसएमपीएस हा दोष पुसून टाकू शकत नाही. वापरणाऱ्याच्या हाती एवढंच : प्लग ‘कट्’ आवाज येईपर्यंत दाबायचा, प्लगपासून काही सेंटिमीटरपर्यंत तार वाकवायची नाही, अडॅप्टरपेक्षा पुरवठ्याची मूळ केबल वापरायची.

संरक्षणाच्या बाबतीत 2021चं एक प्रकरण अभ्यासण्यासारखं आहे. गिगाबाइटच्या पी750जीएम आणि पी850जीएम या मॉडेलांवर गेमर्स नेक्सस या अमेरिकी चाचणीकारांनी जादा लोड टाकला तेव्हा त्यांतले कित्येक पुरवठे धडाक्याने फुटले. लोड हाताबाहेर गेल्यावर तोडण्याची मर्यादा 120 ते 150 टक्क्यांवर ठेवलेली होती. कंपनीने नंतर ती 110 ते 120 टक्क्यांवर आणली आणि माल बदलून देण्याची तयारी दाखवली. दोन्ही मॉडेलांवर गोल्डचा बिल्ला होता. बंद पडणं हे पुरवठ्याचं अपयश नाही, हे मनावर ठसवून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

शेवटी ती बेरीज. आरटीएक्स 5090चे 575, रायझन 7 9800एक्स3डीचे जास्तीत जास्त 162, बाकी पंखे, ड्राइव्ह, मदरबोर्ड मिळून 80, झाले 817. चांगला 1000 वॅटचा पुरवठा पुरतो, एनव्हिडियाही तेवढाच सुचवते. 1600ची गरज नाही. आरटीएक्स 4070 सुपरचे 220 घेतले तर बेरीज 460च्या आसपास येते आणि चांगला 750 निवांत चालतो. एक भाबडी समजूत मात्र काढून टाकावी : 1000 वॅटचा पुरवठा लावला म्हणून मीटर 1000 वॅटने फिरत नाही. संगणक मागेल तेवढंच जातं.

पुस्तकाची पहिली तीन प्रकरणं लेबल, चाचणी-अहवाल आणि घरातली वायरिंग यांवर आहेत. ज्यांना फक्त खरेदीपुरतं वाचायचं असेल त्यांनी तिथे थांबायला हरकत नाही. ज्यांना आलेख वाचायची गोडी लागेल त्यांनी लहर आणि उसळी यांची प्रकरणं वाचावीत. 12 व्होल्टवर 120 मिलिव्होल्ट लहर मानकात बसते, पण चांगले पुरवठे 30च्या आत राहतात, तो फरक का पडतो हे तिथे उलगडलं आहे. सर्किटचा भाग शेवटी ठेवला आहे आणि तो इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांना अधिक रुचेल.

वाचकांना दोन विनंत्या. मॉड्युलर पुरवठा बदलताना जुन्या केबली नव्याला लावू नका, प्लग बसत असला तरी. पुरवठ्याच्या बाजूची पिनांची मांडणी कुठल्याही मानकात ठरलेली नाही. 5 व्होल्टच्या जागी 12 गेले की सगळ्या ड्राइव्ह एका क्षणात जातात, आणि हमीत ते बसत नाही. दुसरी विनंती जास्त कळकळीची. आतल्या भागांबद्दल इतकं वाचल्यावर घरातला जुना एसएमपीएस उघडून पाहावासा वाटेल. उघडू नका. प्लग काढल्यावरही त्या जाड कपॅसिटरमध्ये बराच वेळ 400 व्होल्टच्या आसपास चार्ज राहू शकतो आणि तो जीव घेऊ शकतो. आतली छायाचित्रं पुस्तकात भरपूर आहेत.